मोटारीच्या ब्रेकचा चिमटा

सायकलचा ब्रेक आपण सर्वांनीच पाहिला आहे. मुठीजवळचा दांडा दाबला की दोन रबरी ठोकळे चाकाच्या कडेला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात आणि चाक थांबते. आजच्या मोटारींच्या पुढच्या चाकांना आणि पुष्कळ मोटारसायकलींना जो डिस्क ब्रेक असतो त्याचे तत्त्व हेच. चाकाबरोबर लोखंडाची एक तबकडी फिरते आणि एक चिमटा तिला आवळतो. या चिमट्याला कॅलिपर म्हणतात.

मोटारीचे इंजिन जोरदार करून घेण्याची हौस आता तालुक्याच्या गावीही पोचली आहे. वेग वाढला म्हणजे ब्रेकचा विचार आलाच, आणि तो योग्यच आहे. पण बाजारातला सर्वांत मोठा, लालभडक कॅलिपर आणून बसवला की गाडी लवकर थांबेल, हा समज मात्र जिवावर बेतणारा आहे. तो कसा, ते पाहू.

ब्रेक वेग नाहीसा करतो असे आपण म्हणतो. वास्तविक तो वेगाची उष्णता करतो. १२०० किलो वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिच्या अंगी सुमारे ४६३ किलोज्यूल ऊर्जा असते. तेवढ्या उष्णतेने जवळजवळ १.४ लिटर पाणी उकळीला येईल. वेग निम्मा केला की ही ऊर्जा निम्मी नव्हे, चौथाई होते. म्हणजेच वेग दुप्पट झाला तर ती चौपट होते. ही सारी उष्णता मुख्यतः तबकडी आणि ब्रेक पॅड यांना काही सेकंदांत सोसावी लागते. पूर्वीचे ब्रेक बंद डब्यासारखे, म्हणजे ड्रमचे असत. त्यांतून उष्णता लवकर बाहेर पडत नसे आणि वरचेवर वापरले की ते ढिले पडत. डिस्क उघड्या हवेत असल्यामुळे लवकर निवते. १९५३ साली फ्रान्समधल्या ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारच्या सी-टाइप गाड्या डिस्क ब्रेक लावून उतरल्या आणि जिंकल्या. त्या वर्षी विजेत्या गाडीचा सरासरी वेग या शर्यतीत प्रथमच ताशी १६० किलोमीटरच्या पुढे गेला. चालकांना वळणाच्या अगदी जवळ जाऊन खात्रीने ब्रेक दाबता आला, हे त्या यशाचे एक मोठे कारण होते.

आता मुद्द्याचे बोलू. कॅलिपर चाक थांबवतो. गाडी थांबवतो तो टायर. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरवरून थांबायला सुमारे ५० मीटर लागतात, आणि ही मर्यादा टायरच्या पकडीची आहे. मूळचा ब्रेक जर चाक जाम करण्याइतका समर्थ असेल, तर नव्या कॅलिपरने एका वेळच्या थांबण्यात फरक पडत नाही. टायर गुळगुळीत झाले असतील तर पहिला पैसा टायरवर खर्चावा. मोठ्या डिस्कचा आणि कॅलिपरचा उपयोग होतो तो पुन्हा पुन्हा जोराने ब्रेक लावण्याच्या वेळी, कारण मोठ्या धातूत उष्णता अधिक मावते.

दुसरी गोष्ट मापाची. ब्रेकचे पेडल दाबले की मुख्य सिलिंडरातल्या ब्रेक ऑइलवर दाब येतो आणि पास्कलच्या नियमाप्रमाणे तोच दाब कॅलिपरच्या दट्ट्यावर पोचतो. समजा, मूळ कॅलिपरला ५४ मिलिमीटर व्यासाचा एकच दट्ट्या आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २२.९ चौरस सेंटिमीटर भरते. चार दट्ट्यांच्या नव्या कॅलिपरला एका बाजूस ४० व ३६ मिलिमीटरचे दट्टे असले, तर बेरीज २२.७ येते. हा जोड जमला. पण ४४ व ४० चे दट्टे घेतले तर बेरीज २७.८ होते. आता तेच तेल पाचव्या हिश्श्याने अधिक लागते, पेडल अधिक खाली जाते आणि पुढच्या चाकांची पकड प्रमाणाबाहेर वाढते. मागची चाके मग आपला वाटा उचलत नाहीत, आणि थांबण्याचे अंतर कमी होण्याऐवजी वाढूही शकते. उलट मागचाच ब्रेक फार जोरदार केला, तर मागची चाके आधी जाम होऊन गाडी गरकन फिरते. उताराला बैलगाडीचा भार बैलांच्या मानेवर येतो, तसा थांबताना मोटारीचा भार पुढे येतो. म्हणून हे प्रमाण गाडी बनवणाराने मोजून ठरवलेले असते.

शिक्षकांना हे वर्गात सहज दाखवता येईल. इंजेक्शनच्या दोन पिचकाऱ्या, एक लहान व एक मोठी, पाण्याने भरून नळीने जोडाव्यात. लहान दाबली की मोठीचा दट्ट्या थोडाच सरकतो, पण जोर कितीतरी अधिक लावतो. जोर मिळाला, अंतर गेले. कॅलिपरची सारी निवड या एका वाक्यात आहे.

आणखी काही गोष्टी पाहाव्यात. नवा कॅलिपर चाकाच्या आत, कुठेही न घासता बसला पाहिजे. निव्वळ शर्यतीसाठी केलेल्या पुष्कळ कॅलिपरांना दट्ट्याभोवतीचे धुळीचे रबर नसते. आपल्या धुळीच्या रस्त्यांवर ते लवकर खराब होतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट ४ जातीचे ताजे तेल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण ओल शिरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. तेल उकळले की वाफ होते, वाफ दबते, आणि घाटाच्या मध्यावर पेडल तळाला जाते. म्हणून तेल वेळेवर बदलावे आणि उतार खालच्या गिअरमध्ये उतरावा. स्वस्त नकली माल आणि कॅलिपरसारखी दिसणारी नुसती रंगीत झाकणे यांपासून दूर राहावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीतल्या फेरफारांना मर्यादा घालते. तेव्हा काम करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे.

क्रम असा ठेवावा : आधी टायर, मग ताजे तेल आणि चांगले पॅड, आणि एवढे करूनही ब्रेक तापून ढिला पडत असेल तरच कॅलिपर. तोही दुकानातल्या रंगावरून न निवडता, दट्ट्याचे माप कागदावर मांडून, जाणत्या मिस्त्रीकडून बसवून घ्यावा.