विश्लेषण : चार चौकोन हिरवे, तरीही ‘वर्डल’ का हुकते?

सकाळी चहासोबत मोबाइलवर ‘वर्डल’ सोडवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. दुसऱ्याच प्रयत्नात शेवटची चार अक्षरे हिरवी होतात : आय, जी, एच, टी. पहिले अक्षर तेवढे हवे असते. मग लाइट, नाइट, फाइट असे एकेक शब्द टाकता टाकता सहाही संधी संपतात आणि कित्येक दिवस सलग जिंकत आलेली साखळी तुटते. दिलेल्या अक्षरांवरून इंग्रजी शब्द शोधणे हे शब्दसंग्रहाचे काम वाटते. प्रत्यक्षात त्यात हिशेब जास्त आहे.

शब्द येतात कुठून?

अमेरिकेत राहणारे सॉफ्टवेअर अभियंता जोश वॉर्डल यांनी हा खेळ जोडीदार पलक शहा यांच्यासाठी बनवला. इंग्रजीतील पाच अक्षरी शब्द सुमारे १२ हजार भरले. त्यातले बरेचसे कुणाच्या ऐकिवातही नसतात. शहा यांनी ती यादी चाळून ओळखीचे वाटणारे साधारण अडीच हजार शब्द उत्तरांसाठी वेगळे काढले. ऑक्टोबर २०२१ मध्ये खेळ सर्वांसाठी खुला झाला आणि जानेवारी २०२२ च्या अखेरीस ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो विकत घेतला. पुढे संपादक नेमून यादीत बदलही झाले. तरी मूळ सूत्र कायम आहे : अंदाज म्हणून अनोळखी शब्द चालतो, उत्तर मात्र बहुतेक वेळा रोजच्या वापरातले असते.

सापळा नेमका कुठे आहे?

आय-जी-एच-टी या शेपटीचे नेहमीचे शब्द आठ आहेत : फाइट, लाइट, माइट, नाइट (रात्र), राइट (बरोबर), साइट (दृष्टी), टाइट आणि एट. यातला शेवटचा अनेकांना सुचतच नाही, कारण त्याचा उच्चार बाकीच्यांशी जुळत नाही. स्पेलिंग मात्र ई-आय-जी-एच-टी, म्हणजे साच्यात अगदी चपखल. उलट ‘व्हाइट’ किंवा लिहिणे या अर्थाचा ‘राइट’ कानाला जुळतात, पण साच्यात बसत नाहीत. देवनागरीत ऐकले तसे लिहिण्याची सवय असलेला वाचक इथे हमखास फसतो. इंग्रजी शब्द कानाने नव्हे, डोळ्यांनी शोधावा लागतो.

आता समजा, चार संधी उरल्या आहेत आणि आठ शब्द शक्य आहेत. एकेक टाकत गेल्यास जिंकण्याची शक्यता निम्मी. त्याऐवजी एक संधी मुद्दाम ‘वाया’ घालवायची. ‘फिल्म्स’ हा शब्द टाकायचा : एफ-आय-एल-एम-एस. हे उत्तर असूच शकत नाही, पण त्यात एफ, एल, एम, एस ही चार संभाव्य पहिली अक्षरे एकदम तपासली जातात. त्यांतले एखादे हिरवे वा पिवळे झाले की उत्तर मिळाले. चारही करडी राहिली, तर ‘इंटर’ टाकायचा : आय-एन-टी-ई-आर. एन रंगले तर नाइट, आर रंगले तर राइट, ई रंगले तर एट. यातले एकही रंगले नाही तर टाइट. (टी रंगणारच, कारण ते शब्दाच्या शेवटी आहेच, त्याकडे लक्ष द्यायचे नाही.) म्हणजे आठपैकी कोणताही शब्द असो, जास्तीत जास्त तीन संधींत तो सापडतो.

‘हार्ड मोड’ सुरू असेल तर ही युक्ती चालत नाही, कारण सापडलेली अक्षरे पुढच्या प्रत्येक अंदाजात वापरावीच लागतात. तिथे या शेपटीच्या वाटेला लवकर न जाणे एवढेच हाती उरते.

पहिला शब्द कोणता टाकावा?

ए-डी-आय-ई-यू, म्हणजे ‘अड्यू’ हा अनेकांचा लाडका शब्द. एका फटक्यात चार स्वर तपासले जातात. पण स्वर जवळपास प्रत्येक शब्दात असतात. शब्द वेगळा ठरतो तो व्यंजनांमुळे. वर्डलच्या उत्तरांत ई, ए, आर, ओ, टी, एल ही अक्षरे सर्वाधिक आढळतात. म्हणून ‘स्लेट’ किंवा ‘क्रेन’सारखा शब्द अधिक माहिती देतो.

अक्षरांची अशी मोजदाद जुनीच आहे. स्क्रॅबलचे जनक आल्फ्रेड बट्स यांनी १९३० च्या दशकात वर्तमानपत्रांतली अक्षरे मोजून सोंगट्यांची संख्या ठरवली. इंग्रजी स्क्रॅबलच्या १०० सोंगट्यांत ई १२ आहेत, एस मात्र चारच. प्रत्येक शब्दाला एस जोडून अनेकवचन करणे फार सोपे झाले असते.

शब्द शोधून देणाऱ्या साइट क्षणात उत्तर कसे देतात?

आधी प्रश्न कोणता आहे ते पाहावे लागते. ए, आर, टी ‘एवढीच’ अक्षरे हवी असतील तर आर्ट, रॅट, टार हे शब्द मिळतात. ही अक्षरे ‘असलेला’ शब्द हवा असेल तर हार्ट, कार्टन, पॅरट असे कितीतरी. अनेकांची गल्लत इथेच होते.

पहिल्या प्रकारासाठी युक्ती साधी आहे. प्रत्येक शब्दातली अक्षरे वर्णक्रमाने लावून ठेवायची. लिसन, सायलेंट, एनलिस्ट, टिन्सेल या चारही शब्दांची अक्षरे क्रमाने लावली की एकच ओळ येते : ई-आय-एल-एन-एस-टी. संगणक ती ओळ एकदा शोधतो आणि चारही शब्द पुढे ठेवतो. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक शब्दासाठी २६ खाने कल्पायचे, कोणते अक्षर किती वेळा आले ते त्यांत भरायचे आणि हवे असलेले खाने रिकामे असतील ते शब्द गाळायचे.

साइटने दिलेला शब्द खेळ का नाकारतो?

यादी वेगळी म्हणून. स्क्रॅबलच्या ‘कॉलिन्स’ यादीत पावणेतीन लाखांहून अधिक शब्द आहेत आणि त्यात ‘क्यू-आय’ हा दोन अक्षरी शब्दही चालतो. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या ‘स्पेलिंग बी’ची यादी मात्र संपादक ठरवतो, शब्दकोशात असलेले पण फारसे न वापरले जाणारे शब्द तिथे बाद होतात. तेव्हा शब्द नाकारला गेला म्हणजे तो चुकीचाच, असे नाही.

इंग्रजी उत्तम असणे गरजेचे आहे का?

न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा जिंकली, तेव्हा त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. शब्दांची यादी त्यांनी पाठ केली होती, अर्थ नव्हे. २०२४ मध्ये त्यांनी स्पॅनिशमध्येही तेच केले.