बाबांचा पाय आणि गाडीचा चोक

नागपूर म्हटले की बाहेरगावच्या माणसाच्या कपाळावर आधी घाम येतो आणि मग त्याला संत्री आठवतात. पण आमच्या गावाला थंडीही पडते, आणि पडते तेव्हा कुणाची भीडभाड ठेवत नाही. 2018 साली 29 डिसेंबरला इथला पारा 3.5 अंशांवर उतरला होता. अशा पहाटे पांघरुणातून बाहेर यायला माणूस कुरकुरतो, तर लोखंडाच्या इंजिनाने का कुरकुरू नये? त्याची समजूत काढण्यासाठी जुन्या गाड्यांत एक बटण असे. त्याचे नाव चोक. या एवढ्याशा बटणापायी आमच्या घरात गेल्या हिवाळ्यात जे घडले, ते सांगण्यासाठी आज लेखणी हाती घेतली आहे.

आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही कन्या. माहेर मूळचे इटलीचे. फियाट 1100 डिलाइट या नावाने ती 1964 मध्ये आपल्याकडे बनू लागली आणि 1974 पासून पद्मिनी म्हणून नांदू लागली. चार सिलिंडर, 1089 सीसीचे इंजिन आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा बाबांनी ती बातमी कापून गाडीच्या कागदपत्रांत ठेवली. बाबांनी आमची गाडी 1986 साली घेतली. तेव्हापासून रोज सकाळी ते ती सुरू करतात, गोकुळपेठेच्या बाजारातून भाजी आणतात आणि मगच त्यांचा दिवस उजाडतो. बाबांचे वय आता शहात्तर आहे.

गाडी सुरू करण्याचा त्यांचा एक विधी आहे. चोकचे बटण पूर्ण ओढायचे, उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलून घ्यायचा आणि किल्ली फिरवायची. मी गाडी शिकलो तेव्हा त्यांनी पहिला धडा हाच दिला. "पाय वर! तिला तिचं तिचं उठू दे."

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर गाडीचा जुना कार्ब्युरेटर थकला. चाळीस वर्षांच्या वापराने आतली दांडी झिजली होती, फटीतून नको तिथे हवा शिरत होती. दुरुस्ती करण्यासारखे काही उरले नव्हते. बाजारात दुसऱ्या बनावटीचा एक मिळाला. बोल्टांची भोके जुळली, नळी जुळली, चोकची तारही जोडली गेली. दुपारच्या उन्हात गाडी लगेच सुरू झाली. पैसे देऊन आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी बटण ओढले, पाय उचलला, किल्ली फिरवली. इंजिन नुसतेच घरघरले. पाच वेळा, सात वेळा, दहा वेळा. मग मी बसलो, घाईघाईने अ‍ॅक्सिलरेटर दोनचार वेळा दाबला, आणि गाडी काळा धूर ओकत सुरू झाली. हाच प्रकार रोज होऊ लागला. बाबांच्या हाती ती सुरू होईना, माझ्या हाती होई. शेजारी गंमतीने म्हणाले, "काकाजी, आता गाडी मुलाचंच ऐकते!" बाबा हसले, पण त्या दिवशी भाजी मी आणली.

आठवड्याभराने त्यांनी किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवली. "हात गेला माझा," एवढेच म्हणाले. आणि वाचकहो, सांगायला लाज वाटते, आम्ही त्यावर विश्वास ठेवला. सौ. आणि मी रात्री हलक्या आवाजात बोलू लागलो: बाबा विसरायला लागले आहेत का? डॉक्टरांना दाखवावे का? गाडी विकून टाकावी का? पलीकडच्या खोलीत ते जागे होते की झोपलेले, देव जाणे.

विकायची तर निदान धड चालती करून विकावी, म्हणून मी गाडी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. बाबाही सोबत आले, गप्प बसून. मिस्त्रींनी बॉनेट उघडले, बटण आतबाहेर केले आणि मला सोडून बाबांना विचारले, "काकाजी, तुम्ही सुरू करताना पाय कुठे ठेवता जी?"

"वर. अ‍ॅक्सिलरेटरला हात... म्हणजे पाय लावत नाही."

मिस्त्री माझ्याकडे वळले. "सर, काकाजी बराबर आहेत. कार्ब्युरेटर बदलला, पण बदलणाऱ्यानं काकाजींना विचारलंच नाही."

मग त्यांनी जे समजावले, ते मी माझ्या परीने सांगतो. पेट्रोल जळते ते हवेत मिसळून. तापलेल्या इंजिनाला एक भाग पेट्रोलास वजनाने सुमारे पंधरा भाग हवा पुरते. पण इंजिन गार असले की बरेचसे पेट्रोल वाफ न होता नळीच्या भिंतींना चिकटून बसते. म्हणून आरंभी पेट्रोल जास्त द्यावे लागते. पंपाचा स्टोव्ह पेटवताना आधी काकडा लावून बर्नर तापवत असत, तसेच हे. हे जादा पेट्रोल देण्याच्या रीती मात्र दोन आहेत.

आमचा जुना कार्ब्युरेटर सोलेक्स धाटणीचा. त्यात चोक म्हणजे भोके पाडलेली एक चकती. बटण ओढले की ती फिरते आणि पेट्रोल-हवेची एक वेगळीच वाट उघडते. ही वाट थ्रॉटलच्या झडपेखाली निघते. थ्रॉटल मिटलेले असेल, तरच इंजिनाची ओढ त्या वाटेवर पुरी लागते. म्हणजे पाय वर हवाच! बाबांचा विधी अंधश्रद्धा नव्हता. ते पक्के शास्त्र होते.

नव्या कार्ब्युरेटरचा चोक निराळा. त्याच्या गळ्यातच एक पाकळीसारखी झडप असते. ती मिटली की वरून येणारी हवा कोंडते आणि ओढ मुख्य जेटवर पडून पेट्रोल भरभरून येते. पण ती ओढ वर पोहोचायची तर खालचे थ्रॉटल किंचित उघडे हवे. त्यासाठी दोन झडपांना जोडणारा दुवा लागतो. आमच्या गाडीत तो बसवलाच नव्हता. शिवाय जुन्या चकतीला तारेची ओढ थोडी पुरे; नव्या झडपेला जास्त हवी. बटण पूर्ण ओढूनही झडप अर्धवटच मिटत होती. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबून पेट्रोल फेकत होतो, म्हणून गाडी कशीबशी उठत होती. चूक माझी होती आणि शाबासकीही मलाच मिळत होती.

मिस्त्रींनी फूटपट्टी घेतली. आमच्या तारेची ओढ 20 मिलिमीटर. झडपेच्या दांडीचे भोक आसापासून 20 मिलिमीटरवर. तिथून पूर्ण मिटायला 28 मिलिमीटर ओढ हवी. त्यांनी त्याच दांडीला आसापासून 14 मिलिमीटरवर नवे भोक पाडले. आसाच्या जवळून ओढले की थोड्या ओढीत दांडी जास्त फिरते. बटण जरा जड लागते, एवढेच. तारेचे बाहेरचे वेष्टन चिमट्याने घट्ट धरले, नाहीतर तारेऐवजी तेच सरकते. मग सायकलचा एक स्पोक वाकवून दोन झडपांमधला दुवा केला. बटण पूर्ण ओढले की थ्रॉटल जेमतेम 1 मिलिमीटर उघडावे, म्हणून फटीत त्या जाडीचे ड्रिलचे पाते घालून पाहिले. झडप आणि दांडी यांच्यामध्ये एक नाजूक स्प्रिंग ठेवली. कारण इंजिन पेटल्याबरोबर त्याला श्वास लागतो, आणि तेव्हा हवेच्या जोराने झडप आपोआप थोडी उघडली पाहिजे.

शेवटी त्यांनी बटण आत ढकलले आणि झडप सरळ उभी राहते का, हे दोनदा तपासले. तारेत हेतुपुरस्सर किंचित ढील ठेवली. "चोक लागला नाही तर गाडी उठणार नाही, बस. पण थोडासा लागून राहिला, तर इंजिन खाते," ते म्हणाले. प्लग काळे पडतात, जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल धुऊन खाली उतरते आणि इंजिनातले तेल पातळ होते.

"आता सुरू करून पाहू," मी म्हणालो.

"गरम गाडीवर चोकची परीक्षा होत नाही, सर. गाडी इथेच राहू द्या. सकाळी काकाजींना घेऊन या. तुम्ही नाही आले तरी चालते."

दुसऱ्या दिवशी पहाटे स्वेटर-मफलर घालून बाबा माझ्याआधी तयार होते. मिस्त्रींनी दार उघडून दिले. बाबांनी बटण ओढले, पाय उचलला, किल्ली फिरवली. दुसऱ्या फेरीला इंजिन पेटले. मिनिटभराने बाबांनी बटण अर्धे आत ढकलले, थोड्या वेळाने पूर्ण. धूर नाही, धडधड नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, पुढच्या काचेतून पाहत राहिले. काचेवर दव होते. डोळ्यांचे मला सांगता येणार नाही.

मी वर्गात रूपांतर हा विषय शिकवतो. पु. लं.ची 'ती फुलराणी' 1975 साली रंगभूमीवर आली, तेव्हा शॉच्या नाटकातली लंडनची एलायझा आपल्याकडची मंजुळा झाली आणि प्रेक्षकांना परकी वाटली नाही. परके ते आपल्या जिभेला बसले पाहिजे, असे मी मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो. पण घरात एक परका भाग आणून बसवला आणि तो बाबांच्या हाताला जमेना, तेव्हा मी भागाला दोष दिला नाही, हातालाच दिला. नवा फोन असो, नवा गॅस असो, बँकेचे नवे यंत्र असो, म्हातारे माणूस अडखळले की आपण पटकन वय मोजतो. त्याची जुनी रीत कशासाठी होती, हे विचारत नाही.

किल्ली आता पुन्हा बाबांच्या खुंटीवर आहे. काल दिवाळीसाठी झेंडू आणायला आम्ही दोघे निघालो. गाडी सुरू होताना शेजारच्या सीटवर बसलेल्या माझा उजवा पाय सवयीने खालची चटई दाबू लागला.

"पाय वर!" बाबा म्हणाले.

मी मुकाट्याने उचलला.