बर्लिन: महानगराची सिंफनी

'बर्लिन: महानगराची सिंफनी' (मूळ जर्मन नाव: 'बेर्लिन: डी सिंफोनी डेर ग्रोसश्टाट') हा वाल्टर रुटमान दिग्दर्शित जर्मन मूक माहितीपट १९२७ साली प्रदर्शित झाला. बर्लिन शहराचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस त्यात पाच अंकांत मांडलेला आहे. मूळ कल्पना कार्ल मायर यांची असून संगीत एडमुंड मायझेल यांचे आहे.

पहाटेचे चित्रण

या चित्रपटात कथानक नाही, नायक नाही. आरंभी पाण्याच्या लाटांचे रूपांतर आडव्या रेषांत होते, त्या रेषांतून रेल्वेचे रूळ उमटतात आणि एक आगगाडी भरधाव वेगाने आनहाल्टर स्थानकात येऊन थांबते. घड्याळात पाच वाजलेले असतात. या वेगानंतर एकाएकी शांतता पसरते. रिकामे रस्ते, मिटलेल्या खिडक्या, वाऱ्यावर उडणारा कागद, एखादे मांजर, इतकेच दिसते. मग तुरळक पादचारी येतात, आगारांतून गाड्या बाहेर पडतात आणि पाहता पाहता कामगारांचे लोंढे कारखान्यांकडे वाहू लागतात. यंत्रे फिरू लागतात. दुकाने, शाळा आणि कचेऱ्या उघडतात त्या दुसऱ्या अंकात. म्हणजे श्रमिकांचे शहर आधी जागे होते, बाकीचे नंतर.

चित्रीकरण

मंद उजेडात चित्रण करता यावे म्हणून कार्ल फ्रॉइंड यांनी फिल्मची प्रकाशसंवेदनशीलता वाढवून घेतली. लोकांना सुगावा लागू नये यासाठी अनेक ठिकाणी कॅमेरा दडवून ठेवला होता. तरीही सर्वच प्रसंग आपोआप टिपलेले नाहीत. पुलावरून उडी घेणाऱ्या स्त्रीचे दृश्य रचलेले आहे.

टीका

कामावर निघालेल्या पावलांना रुटमान गुरांचे कळप व सैनिकांचे संचलन जोडतात. ही जोडणी परिणामकारक आहे; मात्र तिच्यातून नेमके काय म्हणायचे आहे, हा वादाचा मुद्दा ठरला. रुटमान वरवरच्या लयीतच रमले, अशी मायर यांची तक्रार होती आणि ते या प्रकल्पातून बाजूला झाले. समीक्षक झीगफ्रीड क्राकाउअर यांनीही आक्षेप घेतला, की श्रीमंती व दारिद्र्य येथे केवळ आकृतिबंध म्हणून शेजारी ठेवले जातात, त्यांच्या कारणांकडे चित्रपट वळत नाही.

समकालीन चित्रपट

महानगराला विषय करणारे 'मॅनहट्टा' (१९२१, न्यूयॉर्क) व अल्बेर्तो काव्हालकांती यांचा पॅरिसवरील १९२६ चा चित्रपट हे याआधीचे. झिगा व्हेर्तोव्ह यांच्या 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा' (१९२९) मध्येही निजलेले शहर जागे होते, पण ते अनेक सोव्हिएत शहरांच्या दृश्यांतून घडवलेले आहे. शिवाय रुटमान यांनी दडवलेला कॅमेरा तेथे कॅमेरामनसह पडद्यावर वावरतो.