नॅनोचांदी, माती आणि ‘फक्त जंतूंनाच मारते’ हा समज

घामाचा वास न येणारे मोजे, भाजलेल्या जखमांवरच्या पट्ट्या, घरगुती जलशुद्धी यंत्रे, भिंतींना बुरशी न लागू देणारे रंग अशा अनेक वस्तूंमध्ये आज चांदीचे नॅनोकण वापरले जातात, आणि या वस्तूंविषयी कोणी शंका काढली की ठरलेले उत्तर मिळते की चांदी फक्त जंतूंनाच मारते, बाकी कोणाला ती बाधत नाही. या उत्तराला परंपरेचाही आधार दिला जातो: बाळाला चांदीच्या वाटीतून भरवतात, मिठाईवर चांदीचा वर्ख लावतात, पाण्याच्या भांड्यात चांदीचे नाणे टाकतात, मग तीच चांदी मोज्यात असली तर बिघडले कुठे, असा युक्तिवाद सुशिक्षित मंडळीही करतात आणि विक्रेते तो वेष्टनावर छापतात. या विधानाचा पूर्वार्ध खरा आहे, आणि नेमका तोच चिंतेचा विषय आहे, कारण ज्या कामांमुळे जमीन सुपीक राहते ती बहुतेक कामे जिवाणू करतात आणि मारण्याजोगे जिवाणू कोणते व जगवण्याजोगे कोणते हे चांदीला कळत नाही.

प्रथम वाटीतली चांदी आणि नॅनोचांदी यांतला फरक पाहिला पाहिजे. साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणाला नॅनोकण म्हणतात, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एक सेंटिमीटर बाजूच्या चांदीच्या घनाचे वजन सुमारे साडेदहा ग्रॅम भरते आणि त्याचा पृष्ठभाग अवघा ६ चौरस सेंटिमीटर असतो. तोच घन १० नॅनोमीटर बाजूच्या घनांमध्ये विभागला, तर चांदी तेवढीच राहते, पण तिचा एकूण पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो. धातूची रासायनिक क्रिया पृष्ठभागावर होत असल्यामुळे वाटी पिढ्यान्‌पिढ्या टिकते, तर नॅनोकण ऑक्सिजनच्या सान्निध्यात तुलनेने लवकर झिजतात आणि त्यांतून चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, पाण्यात उतरतात. हे आयन जिवाणूंच्या प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना घट्ट चिकटतात, श्वसनाची विकरे निकामी करतात आणि पेशी मरते. नॅनोकणांत याहून निराळी काही गूढ मारक शक्ती असते का, हे अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी ऑक्सिजनविरहित वातावरणात तपासले. तेथे चांदीतून आयन सुटू शकत नव्हते आणि त्यामुळे कणांचा जिवाणूंवर परिणामही जवळपास दिसला नाही, असे त्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणून नॅनोचांदीचा विचार करताना किती चांदी आहे यापेक्षा ती कोणत्या रूपात आहे आणि किती वेगाने आयन सोडते हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

‘जंतू’ या शब्दाबरोबर मनात रोगच येतो, आणि सगळा घोटाळा येथून सुरू होतो. शेणखत किंवा युरिया यांतून जमिनीत आलेल्या अमोनियाचे नायट्रोसोमोनास गटातील जिवाणू नायट्राइटमध्ये आणि नायट्रोबॅक्टरसारखे जिवाणू नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या क्रियेला नत्रीकरण म्हणतात आणि बहुतेक कोरडवाहू पिके आपले नत्र मुख्यतः याच नायट्रेटच्या रूपात घेतात. तूर, हरभरा, सोयाबीन यांच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम हवेतले नत्र बांधून पिकाला देतो, आणि पालापाचोळा कुजवून त्यातला स्फुरद, गंधक व नत्र मोकळे करणारे जिवाणू व बुरशी वेगळेच. यांपैकी नत्रीकरण करणारे जिवाणू सावकाश वाढतात आणि विषारी पदार्थांना लवकर बळी पडतात, म्हणून सांडपाणी शुद्धीकरणातील अभियंते त्यांच्यावर विशेष लक्ष ठेवतात. मिसूरी विद्यापीठात २००८ मध्ये झालेल्या प्रयोगात दर लिटर पाण्यात १ मिलिग्रॅम चांदी असताना नॅनोचांदीने नत्रीकरण करणाऱ्या जिवाणूंचे श्वसन सुमारे ८६ टक्क्यांनी रोखले, तर विरघळलेल्या स्वरूपातील तेवढ्याच चांदीने सुमारे ४२ टक्क्यांनी. प्रत्यक्ष सांडपाण्यात चांदी याहून पुष्कळ कमी असते, हे येथे सांगितलेच पाहिजे; परंतु चांदी ‘उपयोगी’ जिवाणूंना सोडून देते ही समजूत या एका प्रयोगानंतर तरी टिकत नाही.

मोज्यातली चांदी जमिनीपर्यंत पोहोचते कशी, अशी शंका येथे घेतली जाते आणि ती रास्त आहे. अॅरिझोना राज्य विद्यापीठातील दोन संशोधकांनी बाजारातले मोजे पाण्यात घोळवून पाहिले, तेव्हा काही मोज्यांतून जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांतच निघून गेली, तर काहींतून फारशी सुटली नाही. म्हणजे उत्पादकाने चांदी धाग्यात कशी बसवली यावर बरेच अवलंबून असते. ही चांदी मोरीवाटे गटारात आणि तेथून मैलाशुद्धीकरण केंद्रात जाते. स्वित्झर्लंडमध्ये एका प्रायोगिक शुद्धीकरण संयंत्रात नॅनोचांदी सोडून तिचा माग काढण्यात आला, आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की बहुतेक चांदी शुद्ध केलेल्या पाण्याबरोबर बाहेर न पडता तळाच्या गाळात अडकते आणि तेथील गंधकाशी संयोग पावून सिल्व्हर सल्फाइड बनते. हा गाळ वाळवून खत म्हणून शेतात टाकण्याची पद्धत अनेक देशांत आहे, आणि चांदी शेतात पोहोचण्याचा मुख्य मार्ग तोच आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तपासलेल्या मैलागाळाच्या सर्व नमुन्यांत चांदी आढळली होती, अर्थात ती सगळी नॅनोवस्तूंतूनच आली होती असे नाही.

सल्फाइडचा हा शोध दोन्ही बाजूंच्या अतिरेकी लोकांना गैरसोयीचा आहे. सिल्व्हर सल्फाइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे त्यातून आयन अत्यल्प सुटतात आणि त्याचा विषारीपणा मूळ नॅनोचांदीच्या तुलनेत फारच कमी असतो. म्हणून ‘नॅनो म्हणजे विष’ अशी हाकाटी करणाऱ्यांनी प्रयोगशाळेत ताज्या कणांवर मोठ्या मात्रेत मिळालेले आकडे सरळ शेताला लावणे अयोग्य आहे. पण यावरून ‘सगळी चांदी सल्फाइड होते, मग विषय संपला’ असे म्हणणेही तितकेच उतावळेपणाचे आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी चवळी आणि गहू यांची रोपे सिल्व्हर सल्फाइडचे नॅनोकण असलेल्या द्रावणात वाढवली, तेव्हा रोपांनी ते कण शोषले आणि त्यांची वाढही खुंटली. शिवाय हे रूपांतर आणि गाळात अडकणे या दोन गोष्टी शुद्धीकरण केंद्र चालू असण्यावर अवलंबून आहेत, आणि भारतात नेमके येथेच पाणी मुरते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या अहवालानुसार देशातील शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होते आणि त्यांपैकी २०,२३६ दशलक्ष लिटरवरच, म्हणजे सुमारे २८ टक्क्यांवर, प्रत्यक्ष प्रक्रिया होते. उरलेल्या पाण्यातील काही चांदी गटारातल्या गंधकाशी संयोग पावत असेलही, पण तिला पाण्यातून वेगळे काढणारे कोणी नसते. ती नदीत, नदीच्या गाळात आणि त्या पाण्यावर भिजणाऱ्या भाजीच्या मळ्यात जाते. युरोपातल्या संयंत्रांचे दिलासा देणारे निष्कर्ष भारतीय नाल्यांना लावताना हा फरक विसरला जातो, ही गोष्ट चीड आणणारी आहे.

ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी उत्तर कॅरोलायनात उघड्यावर ठेवलेल्या मोठ्या कुंड्यांत केलेला, आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला, प्रयोग यासंदर्भात विशेष बोलका आहे. मैलागाळाबरोबर त्यांनी दर किलो मातीमागे अवघी ०.१४ मिलिग्रॅम चांदी नॅनोकणांच्या रूपात दिली. चांदी न घातलेला गाळ दिलेल्या कुंड्यांच्या तुलनेत तेथे एका गवताचे वजन ३२ टक्क्यांनी कमी भरले, मातीतील सूक्ष्मजीवांचे एकूण वस्तुमान सुमारे ३५ टक्क्यांनी घटले, आणि नायट्रस ऑक्साइड हा कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशेपटींहून अधिक तापक वायू एका टप्प्यावर साडेचारपट निघाला. या प्रयोगावर आक्षेप घेता येतो, कारण त्यातील चांदी गाळात नव्याने मिसळलेली होती, शुद्धीकरणाच्या सगळ्या टप्प्यांतून गेलेली नव्हती. तरी तिची मात्रा प्रयोगशाळेतील प्रयोगांसारखी अवाजवी नव्हती, आणि सर्व कुंड्यांना ऊन, पाऊस व खरी माती मिळाली होती.

आता ‘चांदी तर निसर्गातच असते’ या युक्तिवादाकडे वळता येईल, कारण तो वारंवार ऐकू येतो आणि ऐकणाऱ्याला निरुत्तर करतो. भूकवचात दर किलोमागे सरासरी ०.०७ ते ०.०८ मिलिग्रॅम चांदी असते, म्हणजे ड्यूकच्या कुंड्यांत घातलेली चांदी या नैसर्गिक प्रमाणाच्या दुपटीच्या आसपास होती. परिणाम तरीही दिसला, कारण निसर्गातली चांदी बव्हंशी सल्फाइडसारख्या खनिजांत बंदिस्त असते आणि सूक्ष्मजीवांच्या वाट्याला येत नाही, तर कारखान्यात बनवलेले नॅनोकण मुद्दाम आयन सोडण्यासाठीच घडवलेले असतात. एखादे सेंद्रिय कीटकनाशक कालांतराने तुटून निरुपद्रवी होऊ शकते, पण चांदी हे मूलद्रव्य असल्यामुळे तिचे विघटन होत नाही. दरवर्षी टाकलेल्या गाळाबरोबर ती त्याच वावरात साचत जाते. एखादी वस्तू नैसर्गिक आहे एवढ्यावरून ती कोणत्याही रूपात आणि कोणत्याही जागी निरुपद्रवी ठरत असती, तर शिसे आणि आर्सेनिक यांनाही तोच न्याय लावावा लागला असता.

याच्या आसपास घोटाळणारे इतर समज थोडक्यात आवरता येतील. नॅनोकण ही प्रयोगशाळेचीच निर्मिती आहे, हे चुकीचे आहे: ज्वालामुखीच्या राखेत आणि समुद्राच्या तुषारांत ते असतात, आणि दख्खनच्या काळ्या जमिनीतील स्मेक्टाइट या चिकण खनिजाचे थरही जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचे असतात. वनस्पती असे पदार्थ मुळांतून घेत नाहीत, हेही खरे नाही: सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले की झिंक ऑक्साइडचे नॅनोकण मिसळलेल्या मातीतील सोयाबीनच्या पानांत व दाण्यांत जस्त साठते आणि सेरियम ऑक्साइडची मात्रा जास्त असेल तर मुळांवरच्या गाठींतील नत्र बांधण्याची क्रिया थांबते, तर केंटकी विद्यापीठात तंबाखूने घेतलेले सोन्याचे नॅनोकण ती पाने खाणाऱ्या अळ्यांच्या शरीरात पानांपेक्षाही अधिक प्रमाणात साठलेले आढळले. गांडुळे सगळे पचवून जमीन शुद्ध करतात, अशी एक भाबडी श्रद्धा आहे; गांडूळखतासाठी महाराष्ट्रातही वापरली जाणारी आयसेनिया फेटिडा ही जात नॅनोचांदी मिसळलेली माती टाळून दुसरीकडे जाते, आणि तीही प्रजननावर परिणाम होण्याइतकी मात्रा नसताना, असे २०११ च्या अभ्यासात दिसले. पाणी उकळल्याने किंवा फडक्यातून गाळल्याने त्यातील चांदी किंवा अन्य धातू जात नाहीत. आणि चांदीविषयीची भीती नॅनो युरियाला चिकटवण्याचे कारण नाही, कारण युरिया हा धातू नसून त्याचे मातीत सहज विघटन होते. तेथे प्रश्न वेगळा, साध्या अंकगणिताचा आहे. २०२१ मध्ये बाजारात आलेल्या ४ टक्के नत्राच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत सुमारे २० ग्रॅम नत्र असते, तर ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत २० किलोंहून अधिक. म्हणून एक बाटली एका गोणीची जागा घेते हा दावा हजारपटीचा फरक भरून काढू शकत नाही, मग फवारलेले सगळे नत्र पानांनी शोषले असे मानले तरी.

‘सरकारने तपासल्याशिवाय का विकू देतील’ हे अखेरचे उत्तरही तपासून घेण्यासारखे आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने जुलै २०२० मध्ये नॅनोयुक्त कृषी निविष्ठा आणि अन्नपदार्थ यांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, पण नॅनोचांदी मातीत नेणारे मोजे, कपडे आणि रंग त्यांच्या कक्षेत येत नाहीत. शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशात आर्सेनिक, कॅडमियम, क्रोमियम, तांबे, पारा, निकेल, शिसे व जस्त यांच्या मर्यादा दिल्या आहेत, आणि त्या यादीत चांदी नाही. ती उद्या घातली गेली तरी नेहमीच्या तपासणीत नमुना आम्लात विरघळवून धातूचे एकूण प्रमाण तेवढे मोजले जाते, त्यामुळे सापडलेली चांदी सल्फाइडच्या रूपात बंदिस्त होती की आयन सोडणाऱ्या कणांच्या रूपात, हे त्या आकड्यावरून कळत नाही; ते कळण्यासाठी क्ष-किरणांच्या शोषणावर आधारलेली, सिंक्रोट्रॉनसारखी मोठी यंत्रणा लागणारी चाचणी करावी लागते, आणि महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत ती होत नाही.