चार मीटरची वेस

घटस्थापना आणि जीएसटीचे नवे दर 2025 मध्ये एकाच दिवशी आले, 22 सप्टेंबरला. लहान मोटारींवरचा कर 18 टक्क्यांवर उतरला हे एव्हाना सगळ्यांना पाठ झालंय, शोरूमबाहेरच्या गर्दीचे फोटोही पाहून झालेत. त्या नवरात्रात मी देवासला होते. टेकडीवर थोरली तुळजाभवानी आणि धाकटी चामुंडा, पायथ्याशी गाड्यांचा खच. एमपी 09 इंदूरच्या, एमपी 11 धारच्या, एमपी 41 इथल्याच. झेंडूचे हार घातलेल्या नव्या कोऱ्या गाड्या देवीच्या पाया पडायला आल्या होत्या.

त्या रांगेच्या मागच्या बाजूने चालत गेले, तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. डिझायर, ऑरा, अमेझ, टिगोर, कंपन्या चार, पण सगळ्यांच्या पाठी जणू एकाच करवतीने कापलेल्या. मागची काच संपते, डिकीचं झाकण जेमतेम पुढे येतं आणि गाडी संपते. त्या ओळीत एकच जुनी, पांढरी, चौकोनी गाडी चांगली वीतभर मागे आली होती. तिची डिकी उघडी होती. आत तीन बॅगा, सतरंजीची वळकटी, पाण्याचा कॅन आणि डब्यांची पिशवी मावून वर जागा उरली होती. ती लोगन होती. नाशिकच्या कारखान्यातली.

या वीतभर फरकामागे वीस वर्षांचा करकायदा आहे. दर बदलल्याच्या बातम्या सगळीकडे आल्या. लहान मोटारीची व्याख्या मात्र जिथल्या तिथे राहिली, आणि मला तिच्याबद्दलच लिहायचं आहे.

2006 च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी लहान मोटारींवरचं उत्पादनशुल्क 24 वरून 16 टक्क्यांवर आणलं. लहान म्हणजे पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत, डिझेल 1500 सीसीपर्यंत आणि लांबी चार मीटरच्या आत. भारत लहान गाड्यांचं जागतिक केंद्र व्हावा, हा त्यामागचा विचार. हेतू चांगलाच होता. पण नेमक्या त्याच सुमारास नाशिकमध्ये एक अशी गाडी तयार होत होती, जी गरिबाघरच्या पैशांचा विचार करून पहिल्या रेघेपासून आखलेली होती आणि चार मीटरमध्ये मावत नव्हती.

लोगनची जन्मकथा मला मोटारींच्या इतिहासातली फार मोलाची कथा वाटते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रेनोचे प्रमुख लुई श्वाइट्झर रशियात गेले होते. तिथे त्यांना दिसलं, की सहा हजार डॉलरची जुनाट लाडा धडाक्यात खपते आहे आणि दुप्पट किमतीच्या आधुनिक गाड्यांकडे कोणी फिरकत नाही. त्यांनी आपल्या इंजिनिअरांना आकडा दिला, पाच हजार युरो. त्या किमतीत गाडी आधुनिक, टिकाऊ आणि परवडणारी हवी. 1999 मध्ये रेनोने रुमानियाची डाचिया कंपनी घेतली ती याचसाठी. प्रकल्पाचं नाव एक्स 90.

नेहमी गाडी आधी आखतात आणि मग तिची किंमत काढतात. इथे किंमत आधी ठरली होती आणि एकेक भाग तिच्यात बसवायचा होता. समोरची काच जवळजवळ सपाट ठेवली, कारण काचेला जितका बाक तितका खर्च. पत्र्याला खोल वळणं दिली नाहीत, म्हणजे साचे सोपे झाले. डॅशबोर्ड एकाच साच्यात ओतलेला. इंजिन आणि गिअरबॉक्स रेनोच्या चालू गाड्यांतले, रस्त्यावर पारखलेले. चाचणीसाठी महागडे नमुने हाताने बांधण्याऐवजी बहुतेक आखणी संगणकावरच उरकली आणि त्यातून सुमारे दोन कोटी युरो वाचले, असं कंपनीनेच सांगितलं होतं. माझा सगळ्यात आवडता तपशील बाहेरच्या आरशांचा. डावा आणि उजवा आरसा एकाच आकाराचा, कुठलाही कुठेही बसतो. कारखान्यात एक साचा कमी, दुकानदाराला एकच माल ठेवायचा आणि आडगावच्या मिस्त्रीला दुसऱ्या बाजूचा भाग इंदूरहून येण्याची वाट पाहायला नको. गाडी कुठे मोडेल आणि तिथे ती कोण दुरुस्त करेल, हा विचार ज्याने केला त्या माणसाला मी मनोमन नमस्कार करते.

काटकसर कुठे करायची नाही, हेही तितकंच पक्कं होतं. मागच्या सीटवर तीन मोठी माणसं खांद्याला खांदा न घासता बसतात. डिकी 510 लिटरची. खालून भरपूर उंच, खड्ड्यांत घासत नाही. 2004 मध्ये गाडी रुमानियात आली आणि पुढे रशिया, इराण, ब्राझील, कोलंबिया, मोरोक्को अशी जगभर पसरली. गरीब देशांसाठी बनवलेली ही गाडी फ्रान्स-जर्मनीतल्या लोकांनीही मागून घेतली.

भारतात रेनोने महिंद्रांचा हात धरला. 51 टक्के महिंद्रा, 49 टक्के रेनो, कारखाना नाशिकला, क्षमता वर्षाला 50,000 गाड्या. एप्रिल 2007 मध्ये लोगन बाजारात आली. लांबी सुमारे सव्वाचार मीटर. पेट्रोलची इंजिनं 1200 सीसीच्या वरची, त्यामुळे ती सवलतीबाहेर जाणारच होती. पण डिझेल इंजिन 1461 सीसीचं, मर्यादेत चोख बसणारं. ते अडलं फक्त डिकीच्या लांबीवर. कारखान्याची किंमत तीन लाख धरली, तर आठ टक्क्यांचा फरक 24,000 रुपयांचा होतो. पैसा-पैसा वाचवून बनवलेल्या गाडीची सगळी काटकसर त्या फरकाने पुसली गेली.

लोगन एकट्या करामुळे पडली असं मी म्हणणार नाही. दिसायला ती साधीच, टॅक्सीवाल्यांना फार लवकर आवडली, आणि टॅक्सी म्हणून ओळख झालेली गाडी आपला मध्यमवर्ग दारात उभी करत नाही. 2010 मध्ये महिंद्रांनी रेनोचा हिस्सा विकत घेतला, 2011 मध्ये तिचं नाव व्हेरिटो झालं. 2013 मध्ये मात्र जे झालं ते पाहून वाईट वाटलं. व्हेरिटो व्हाइब नावाने तीच गाडी पुन्हा आली, लांबी 3991 मिलिमीटर. तिची डिकीच कापली होती. ज्या गुणासाठी ती घ्यावी, तोच कापून तिला करसवलतीत बसवलं. ती चालली नाही.

हा मार्ग आधी टाटांनी दाखवला होता. झेनचा आकार, अँबेसेडरची ऐसपैस जागा आणि मारुती 800 च्या जवळपासची किंमत, हे रतन टाटांचं स्वप्न. निस्सानच्या ऑस्ट्रेलियातल्या बंद कारखान्याची यंत्रं जहाजाने आणून पिंपरीत उभी केली आणि 1998 च्या डिसेंबरात इंडिका आली. 2002 मध्ये तिला डिकी जोडून इंडिगो केली. आणि 2008 मध्ये त्याच इंडिगोची पाठ आखडून सीएस, 3988 मिलिमीटर. चार मीटरच्या आतली ही पहिली सेडान. मग 2012 मध्ये डिझायर 4160 वरून 3995 वर आली आणि तिच्या डिकीत 316 लिटर उरले. अमेझ, एक्सेंट, झेस्ट त्याच रेषेला येऊन थांबल्या. टोयोटाने भारतासाठी खास आखलेली इटिऑस मात्र 595 लिटरची डिकी घेऊन रेषेबाहेरच राहिली आणि 2020 मध्ये बंद झाली.

देवासच्या माणसाला अशा रेषेची गोष्ट नवी नाही. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंची दोन घराणी, थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात दोन संस्थानं. हमरस्त्याची एक बाजू एकाची, दुसरी दुसऱ्याची. पाणी वेगळं, दिवे वेगळे, कारभार वेगळा. थोरल्या पातीच्या महाराजांकडे 1921 साली ई. एम. फॉर्स्टर चिटणीस होता, त्यानेही हे गाव पाहून लिहून ठेवलं आहे. समोरासमोरच्या दोन दारांत हवा तीच, माणसं तीच, आणि कायदा मात्र रस्ता ओलांडला की बदलायचा. 3995 आणि 4005 मिलिमीटरच्या दोन गाड्यांत नेमका हाच प्रकार आहे. फरक बोटाच्या पेराहूनही कमी, आणि कर एकीवर 18 टक्के, दुसरीवर 40. 2006 साली या वेशीची उंची आठ टक्के होती. आज ती बावीस आहे.

आता धारकडे वळते, कारण मोजमापाचा प्रश्न आहे आणि देशातलं मोजमापाचं एक मोठं ठिकाण त्याच जिल्ह्यात, पिथमपूरला आहे. पिथमपूरला मोटारी नव्या नाहीत. कायनेटिक होंडा तिथलीच, अँबेसेडरचं इसुझू इंजिनही तिथलंच. जून 2021 मध्ये तिथे नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा अंडाकृती वेगमार्ग सुरू झाला, आशियातला सर्वांत लांब. सोळा मीटर रुंद, चार पदरी. इंधन किती जळतं, धुरातून काय बाहेर पडतं, ब्रेक कुठे थांबवतात, वळणावर गाडी किती धरून राहते, हे सगळं तिथे काटेकोर मोजता येतं. 2017 पासून प्रत्येक कंपनीच्या गाड्यांचा सरासरी कार्बन वजनाच्या हिशेबात मोजण्याचा नियमही आपल्याकडे आहे. एवढी साधनं हाताशी असताना कर ठरवायला लांबीची पट्टी का लागते? लांब डिकीने रस्ता वीतभर जास्त अडतो हे खरं. पण रिकाम्या डिकीला पेट्रोल लागत नाही. विजेच्या गाड्यांना लांबी न पाहता सरसकट पाच टक्के जीएसटी आहे, म्हणजे पट्टीशिवायही कर लावता येतो हे सरकारला माहीत आहे.

कापलेल्या पाठीच्या गाड्या वाईट नाहीत, हेही सांगायला हवं. नव्या डिझायरला 2024 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या सुरक्षा चाचणीत पाच तारे मिळाले आणि डिकीही 382 लिटरपर्यंत वाढली. आमच्या इंजिनिअरांनी वेशीच्या आत राहून कमाल केली आहे. पण तीच अक्कल ती वेस सांभाळण्यात खर्च झाली नसती, तर नाशिकची, पिंपरीची, चाकणची स्वस्त गाडी लोगनसारखी जगभर गेली असती, असं मला ठामपणे वाटतं. जी गाडी फक्त भारतातल्या करासाठी आखडली, तिला बाहेर कोण विचारणार?

म्हणून मागणी एवढीच, की जीएसटी परिषदेने दर बदलले तशी व्याख्याही बदलावी. लांबी काढून टाकावी. वजन आणि इंधन यांवर कर लावावा. ते होईपर्यंत, गाडी बघायला जाणार असाल तर घरातल्या दोन मोठ्या बॅगा सोबत न्या. शोरूममध्ये डिकी उघडायला सांगा, त्या आत ठेवा, झाकण लागतंय का बघा, आणि मगच सही करा.