भंवरकुआंचं त्रैराशिक

इंदूरच्या भंवरकुआं चौकाचं नाव बदलून टंट्या मामा भील चौक झालं, तरी रिक्षात बसताना तोंडात जुनंच येतं. सकाळी तिथे पोह्यांच्या ठेल्याशी उभं राहा. जलेबीचा तुकडा तोंडात आणि चालू घडामोडींची पुस्तिका हातात अशी झाबुआ, बडवानी, खरगोनची पोरं दिसतील. बोलणं एकच: प्री, म्हणजे पूर्वपरीक्षा, निघेल का?

१९५६ साली मध्य प्रदेश झाला तेव्हा राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालय जबलपूरला आणि लोकसेवा आयोग आला इंदूरला. होळकरांच्या शहराच्या वाट्याला आलेल्या त्या एका कचेरीच्या आसऱ्याने आज शिकवण्या, लायब्रऱ्या, मेस आणि भाड्याच्या खोल्यांचा अख्खा मोहल्ला उभा आहे.

या मोहल्ल्यात दिल्लीच्या आयोगाचीही तयारी चालते, म्हणून आधी तिकडचे आकडे पाहू. २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला १०,१६,८५० अर्ज आले आणि शेवटी निवड झाली १,०१६ जणांची. म्हणजे एका निवडीमागे हजार अर्ज, जणू कुणी मोजून ठेवल्यासारखे. घरच्यांना घाबरवायला हा आकडा फार उपयोगी पडतो. पण त्यातले ४,२४,७०९ जण पूर्वपरीक्षेला आलेच नाहीत. अर्ज भरला, फोटो डकवला आणि त्या रविवारी घरी राहिले. उरले ५,९२,१४१. त्यांतून १४,६२४ मुख्य परीक्षेला गेले, म्हणजे चाळिसात एक.

प्रत्येकाच्या दोन उत्तरपत्रिका धरल्या तर अकरा लाख चौऱ्याऐंशी हजारांवर कागद होतात. एका कागदाची जाडी मिलिमीटरचा दहावा भाग धरून ते एकावर एक रचले, तर ढीग ११८ मीटर उंच होईल. कुतुबमिनार ७२.५ मीटरचा आहे.

पण माझी मती खरी गुंग झाली ती एकाच उत्तरपत्रिकेपाशी. शंभर प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. सगळे गोळे रंगवायचे ठरवले तर ती किती वेगवेगळ्या तऱ्हांनी भरता येईल? चाराला चाराने शंभर वेळा गुणत जा. उत्तर ६१ अंकी येतं. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकं, दहं, शतं करत परार्धापर्यंत नावं दिली आहेत, परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. आपली संख्या सांगायची तर परार्ध गुणिले परार्ध गुणिले परार्ध, आणि वर पुन्हा दीड अब्जाच्या पुढे. पृथ्वीतल्या एकूण अणूंची संख्या साधारण एकावर पन्नास शून्यं इतकी मानतात. अशा हजार कोटी पृथ्व्या घेतल्या तरी त्यांचे सगळे अणू या संख्येपुढे कमीच पडतील. आणि एवढ्या तऱ्हांत संपूर्ण बरोबर असलेली तऱ्हा एकच.

ती एकच तरी पक्की असावी ना? तर तेही नाही. मध्य प्रदेशच्या २०२३ च्या प्रीमधला कबड्डी महासंघाच्या मुख्यालयाचा प्रश्न थेट जबलपूरच्या उच्च न्यायालयात पोहोचला. दिल्ली की जयपूर, हा वाद न्यायमूर्तींसमोर!

आता तुक्का. दिल्लीच्या पेपरात बरोबर उत्तराला दोन गुण मिळतात आणि चुकलं की त्याचा एक तृतीयांश कापला जातो. डोळे मिटून शंभर गोळे रंगवले तर सरासरी २५ बरोबर येतील, ५० गुण मिळतील. ७५ चुकतील, त्याचे ५० जातील. हाती शून्य. नियम करणाऱ्याला दाद द्यायला हवी. एक पर्याय खात्रीने खोडता आला तर मात्र दर प्रश्नामागे सरासरी ०.२२ गुण हाती लागतो, दोन खोडता आले तर ०.६७. शिकवणीवाले ‘एलिमिनेशन, एलिमिनेशन’ म्हणून का ओरडतात ते यावरून कळावं.

२०२३ चा खुल्या गटाचा कट-ऑफ होता २०० पैकी ७५.४१. ऐकायला किती कमी! चाळीस टक्केही नाहीत. पण सगळेच गोळे तुक्क्याने रंगवून तिथे पोहोचायला निदान ५४ उत्तरं बरोबर यावी लागतात, आणि तशी शक्यता मी मांडून पाहिली तर सुमारे १८० कोटींत एक निघाली. भारताची १४० कोटी माणसं, पाळण्यातल्या बाळांसकट, पेपरला बसवली तरी जेमतेम एखादं पास होईल. नशीब काढायचं असेल त्याने दुसरा धंदा बघावा.

मध्य प्रदेशच्या २०२५ च्या प्रीमध्ये चुकल्यास गुण कापत नव्हते, म्हणून तिथे कोरा गोळा सोडणं हाच वेडेपणा. त्या वर्षी जागा होत्या १५८, आदल्या वर्षी ११०. आणि इतकं करून मिळवलेले प्रीचे गुण अंतिम यादीत धरतच नाहीत, दिल्लीतही नाहीत आणि इंदुरातही नाहीत. चाळणीतून खाली पडलात की चाळणी बाजूला.

या सगळ्या राशींपेक्षा मला भंवरकुआंचा एक साधा हिशेब जड वाटतो. मध्य प्रदेश राज्यसेवा २०१९ ची प्री १२ जानेवारी २०२० ला झाली. दोन-दोन तासांचे दोन पेपर, दोनशे प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. मग ओबीसी आरक्षण १४ टक्क्यांवरून २७ करण्याचा वाद, नियमांतली दुरुस्ती न्यायालयात रद्द, प्रीचा निकाल पुन्हा नव्याने. अंतिम निकाल लागला डिसेंबर २०२३ च्या अखेरीस, सुमारे १,४४० दिवसांनी. त्रैराशिक मांडा: पेपरच्या एका तासाला वर्षभर, एका प्रश्नाला आठवडाभर. ७२ सेकंदांत रंगवलेल्या गोळ्यासाठी सात दिवस वाट.

तोही निकाल ८७ टक्के जागांचाच होता. वादातल्या १३ टक्क्यांचा लिफाफा तेव्हा बंदच ठेवला गेला.