जागल्याची भरपाई आणि कराचा वाटा

1961 च्या आयकर कायद्याची जागा 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा घेत असल्याने करपट्ट्यांची भरपूर चर्चा झाली. परंतु जागल्याला, म्हणजे गैरप्रकार उघड करून त्यापायी सूड ओढवून घेणाऱ्या कर्मचाऱ्याला, मिळणारी नुकसानभरपाई उत्पन्न मानावी काय, हा प्रश्न त्या चर्चेबाहेरच राहिला. सिल्वासासारख्या कारखानदारीच्या गावात तो केवळ पुस्तकी नाही. समजा, मसाटच्या एखाद्या कामगाराने दमणगंगेत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याची तक्रार केली आणि त्याला कामावरून काढले, तर पुढे त्याच्या हाती पडणाऱ्या रकमेत बुडालेला पगार आणि सोसलेला मनस्ताप या दोन्हींचे मोल असते.

पगार वेळेवर मिळाला असता तरी त्यावर कर लागलाच असता, म्हणून पहिल्या भागावरील कर समजण्यासारखा आहे. मनःशांती मात्र कोणाची कमाई नसते. सौराष्ट्र सिमेंट खटल्यात वालचंदनगर इंडस्ट्रीजने यंत्रसामग्री उशिरा पुरवल्याबद्दल सिमेंट कंपनीला मिळालेले 8 लाख 50 हजार रुपये सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये भांडवली जमा, म्हणजे नफ्याऐवजी मालमत्तेच्या हानीपोटी आलेली रक्कम, ठरवून करमुक्त केले. यंत्राच्या विलंबाला जी सवलत मिळते, ती माणसाच्या अप्रतिष्ठेला का मिळू नये?

अमेरिकेतील मर्फी खटल्यात हाच पेच उभा राहिला. हवाई तळावरील पर्यावरणीय धोके उघड केल्यामुळे काळ्या यादीत गेलेल्या मर्फी या महिलेला मनस्तापापोटी 45,000 आणि नावलौकिकाच्या हानीपोटी 25,000 डॉलर मिळाले, त्यांवर 20,665 डॉलर कर भरावा लागला. 2006 मध्ये अपील न्यायालयाने हा कर घटनाबाह्य ठरवला, पण 2007 मध्ये त्याच न्यायालयाने तो निर्णय फिरवला; तेथील कायद्यात 1996 पासून शारीरिक इजेच्या भरपाईलाच सूट आहे. हाड मोडले तर माफी, मन मोडले तर कर, असा हा भेद आहे.

भारतात 2018 च्या दुरुस्तीने नोकरी संपण्याशी संबंधित भरपाई करपात्र उत्पन्नात आणली असल्याने एकरकमी निवाड्यात मनस्तापाचा हिस्साही त्याच जाळ्यात सापडण्याचा धोका आहे. 2014 चा जागल्या संरक्षण कायदा अद्याप अमलात आलेला नाही, आणि तो मुख्यतः सरकारी भ्रष्टाचारापुरता असल्याने खासगी कारखान्यातील कामगार त्याच्या कक्षेबाहेरच राहतो. म्हणून निवाडा देणाऱ्याने पगार आणि मनस्ताप यांच्या रकमा स्वतंत्रपणे नोंदवाव्यात आणि संसदेने दुसरीला स्पष्ट सूट द्यावी. ज्याने सर्वांसाठी नदी राखली, त्याच्या जखमेच्या मोलातून सरकारने वाटा मागणे न्यायाला धरून नाही.